गुलाबी थंडीचा हिशेब

थंडीला 'गुलाबी' हे विशेषण प्रथम कोणी लावले असेल, याचा शोध एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने घ्यावा असे मला फार दिवसांपासून वाटते. एक गोष्ट मात्र संशोधनावाचूनही सांगता येईल. तो गृहस्थ पोटभर जेवलेला होता, त्याच्या अंगावर शाल होती आणि त्याच्या घराच्या खिडक्यांची तावदाने शाबूत होती. पहाटे चार वाजता बाजार समितीच्या ओट्यावर मेथीच्या जुड्या मोजणाऱ्या बाईला ही थंडी कोणत्याही रंगाची दिसत नाही. ती तिला 'हीव' म्हणते. आमच्या नाशिककडच्या खेड्यांतून अजूनही 'लई हीव वाजतंय' असेच ऐकू येते. 'हिवाळा' हा शब्द त्याच घराण्यातला. मराठीने थंडीला दोन क्रियापदे दिली आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. थंडी 'पडते' आणि थंडी 'वाजते'. पडते ती सगळ्या गावावर सारखी. वाजते मात्र ज्याच्या त्याच्या पांघरुणाप्रमाणे.

दिवाळीच्या अंकात चकलीच्या खुसखुशीतपणाची चर्चा सोडून हा विषय काढला, म्हणून वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे. कारण आपली दिवाळी हीच मुळात थंडीच्या तयारीची नांदी आहे. नरकचतुर्दशीला भल्या पहाटे उठवून अंगाला कोमट तेल चोळायचे, ते काही केवळ नरकासुराच्या स्मरणार्थ नव्हे. पुढे डिंकाचे आणि मेथीचे लाडू येतात, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी येते, संक्रांतीला एरवी अशुभ मानलेले काळे कापड मानाने अंगावर चढते; काळा रंग ऊन शोषून घेतो हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. पंचांगाच्या कडेकडेने एक सबंध हिवाळी बंदोबस्त आपल्या पूर्वजांनी लावून ठेवला आहे.

पण हा बंदोबस्त शहाण्या थंडीचा आहे; पाहुणी जशी पत्र टाकून येते, तशी पायरीपायरीने येणाऱ्या थंडीचा. चार दिवसांत पारा सात-आठ अंश घसरवणारी जी थंडीची लाट असते, तिला लाडू पुरत नाहीत. शिवाय लाडू ही घराची तयारी झाली. लाटेला गल्लीची, वाड्याची, सोसायटीची तयारी लागते, आणि तिथे आपली पंगत जरा विस्कळीतच असते.

'लाट' हा शब्द वर्तमानपत्रे सढळ हाताने वापरतात. हवामान खात्याच्या लेखी मात्र त्याला नेमका अर्थ आहे. मैदानी मुलखात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून खाली गेले आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असले, म्हणजे लाट. नेहमीपेक्षा साडेसहा अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक घसरले की तीव्र लाट. पारा सरळ ४ अंशांवर आला तर मग सरासरी पाहण्याचीही गरज नाही. समुद्रकाठच्या लोकांना खात्याने सवलत दिली आहे; त्यांच्यासाठी मर्यादा १५ अंशांची. मुंबईकर वीस अंशांना स्वेटर काढतो म्हणून आपण हसतो, पण शरीर सरासरीवर जगते, ही गोष्ट खात्यानेही मान्य केली आहे. आणि मुंबईला थंडी ठाऊकच नाही असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली होती. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. उन्हाळ्यासाठीच ज्याचे नाव घ्यायचे त्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला ३.५ अंश होते!

हे होते कसे, ते थोडक्यात सांगतो. पश्चिमेकडून येणारी वादळी हवा हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकली, की तिच्या मागून उत्तरेचा कोरडा, गार वारा मोकळा सुटतो आणि मध्य भारत ओलांडून आपल्याकडे उतरतो. पण निम्मे काम वारा करतो आणि निम्मे आपले आकाश. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब वर सोडत असते. ढग असले तर ते गोधडीसारखे ती अडवून धरतात. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, तर मग सगळी ऊब चांदण्यांच्या स्वाधीन! आपण गच्चीवर उभे राहून 'काय सुंदर चांदणे पडले आहे' म्हणतो, ती रात्र सर्वांत घातकी. त्यातून सर्वांत थंड वेळ मध्यरात्रीची नसून सूर्योदयाच्या आसपासची असते. म्हणजे नेमकी दूधवाल्याची, पेपरवाल्या पोराची, झाडूवाल्या बायांची आणि फिरायला जाणाऱ्या आजोबांची.

आमच्या जिल्ह्यात या थंडीचे माहेर निफाड. तेथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा हिवाळ्यात रोज पेपरात झळकतो. २०१८च्या डिसेंबर अखेरीस तो दोन अंशांच्याही खाली गेला होता. त्याच दिवसांत नाशिक शहरातला आकडा त्याहून चांगला वर होता, कारण शहराच्या भिंती आणि डांबरी रस्ते दिवसाची ऊब रात्री उशिरापर्यंत धरून ठेवतात आणि उघड्या शेतातली गार, जड हवा सखल जागी साचून राहते. तेव्हा पेपरातला शहराचा आकडा वाचून गावाबाहेर राहणाऱ्या नातलगाची थंडी मोजू नये.

निफाडच्या द्राक्षबागाइतदारांकडून मात्र आपण शहरी लोकांनी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पारा उतरला की द्राक्षाच्या मण्यांची वाढ थांबते, फुगलेल्या मण्यांना तडे जातात. वर्षाचे पैसे त्या दोन-तीन पहाटांवर टांगलेले असतात. म्हणून बागाइतदार पहाटे उठून बागेला पाणी सोडतात (विहिरीचे पाणी त्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असते) आणि जागोजाग शेकोट्या पेटवतात. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे बाग करतो. मी एकदा त्याला विचारले, "अरे, इतक्या चिमुकल्या शेकोट्या कशाला? मध्यभागी एकच दणदणीत जाळ केला तर?" तो हसला. म्हणाला, "सर, मोठा जाळ केला की ऊब सरळ वर निघून जाते आणि बाजूची गार हवा बागेत ओढली जाते. लहान लहान आगट्या पुष्कळ पाहिजेत. आणि शेजारच्या बागेतही त्याच वेळी पेटल्या पाहिजेत. नाहीतर आमची ऊब त्यांच्याकडे आणि त्यांचा गारठा आमच्याकडे." थंड प्रदेशांतले फळबागांचे शास्त्रही हेच सांगते, आणि धुरापेक्षा उबेचाच उपयोग खरा, असेही सांगते. व्याकरण शिकवलेल्या विद्यार्थ्याकडून पदार्थविज्ञान शिकण्याचा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो. असो.

आता शेकोटीवरून शेगडीवर येतो, कारण खरे सांगायचे ते तिथेच आहे.

आमच्या सोसायटीत ४८ बिऱ्हाडे. फाटकाशी रखवालदाराची पत्र्याची केबिन. रात्रपाळीचे रखवालदार सिन्नरकडचे, साठीला आलेले. सगळे त्यांना मामा म्हणतात. काही वर्षांमागच्या एका डिसेंबरात पारा एकाएकी घसरला. पत्रा ही मोठी कृतघ्न वस्तू आहे. दिवसा भाजून काढतो आणि रात्री स्वतःच इतका गारठतो की पहाटे आतल्या बाजूने दव टपकते. त्यातून केबिनच्या खिडकीची काच फुटलेली. ती बसवण्याचा विषय कार्यकारिणीच्या दोन सभांत 'कोटेशन मागवून पुढील सभेत' असा पुढे गेला होता. काच होती दोनशे रुपयांच्या आतली. मामांनी आपल्या परीने तोड काढली. खिडकीला पोते ठोकले, दाराच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, आणि शेजारच्या चहावाल्याकडून घमेलेभर निखारे आणून आत ठेवले.

पहाटे पाचला दूधवाला आला. फाटक उघडेना म्हणून त्याने हाका मारल्या, पत्रा बडवला, शेवटी दार लोटले. मामा भिंतीला टेकून बसलेले, मान कलंडलेली. त्या पोराला तेवढे सुचले म्हणून बरे. त्याने त्यांना ओढत उघड्यावर आणले आणि सबंध सोसायटी जागी केली. १०८ ला फोन गेला. दवाखान्यात प्राणवायू लावल्यावर दुपारी मामा बोलू लागले. "डोकं जड झालं व्हतं साहेब," ते म्हणाले, "पन ऊब लागली म्हनून झोप येती, असं वाटलं."

वाचकहो, या वाक्यात सगळे आले. कोळसा बंद जागेत जळताना जो कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो, त्याला रंग नाही आणि वासही नाही. धुराने ठसका तरी लागतो. या वायूने लागत नाही. रक्तात प्राणवायूची जी जागा असते ती हा बळकावतो, आणि रक्ताशी त्याची सोयरीक प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट. आधी डोके दुखते, मग मळमळते, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर यातले काहीच कळत नाही. निखारे लाल झाले, धूर थांबला, म्हणजे धोका टळला, ही समजूत अगदी चुकीची आहे. लाल निखाराही हा वायू सोडतच असतो. तेव्हा शेगडी बाहेर, मोकळ्यावर. खोलीत नेऊन दार लावायचे नाही, बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच नाही. तीच गोष्ट न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरची. थंडी म्हणून झरोका बंद, दार बंद, आत पंधरा मिनिटे गरम पाण्याची चैन. दरवर्षी अशाने माणसे दगावल्याच्या बातम्या आपण चहा पिताना वाचतो. गीझर न्हाणीघराच्या बाहेर बसवून घ्यावा. ते जमेपर्यंत पाणी बादलीत काढून, गीझर बंद करून मगच आंघोळीला जावे. आणि कोणी गुंगीत सापडला तर प्रथम त्याला मोकळ्या हवेत आणावे, बाकीची चौकशी मागाहून.

काच दुसऱ्या दिवशी बसली, कोटेशनशिवाय! पण त्या आठवड्याच्या सभेत प्रश्न निघाला की, पुढच्या लाटेचे काय? तेव्हा नेहमीची भाषणे झालीच. एक सभासद म्हणाले, "दरवर्षी थोडीच एवढी पडते?" दुसरे म्हणाले, "या लोकांना ब्लँकेट दिले की ते विकतात." आमच्या घरातून सभेत सहसा कोणी बोलत नाही, मी वर्गात बोलून दमलेला असतो. पण त्या दिवशी सौभाग्यवती उठल्या आणि म्हणाल्या, "विकले तर विकू द्या, काका. ज्याने घेतले त्याने पांघरलेच असेल ना?" यानंतर ब्लँकेटचा विषय कोणी काढला नाही.

तिने आणि तळमजल्यावरच्या देवघरवाल्या आजींनी मिळून एक वही घातली. एकटी राहणारी वृद्ध माणसे कोणत्या घरात, तान्ही मुले कोणत्या घरात, दम्याचे आणि हृदयविकाराचे कोण, आणि लाटेच्या दिवसांत सकाळी आठला त्यांचे दार कोणी वाजवायचे, हे सगळे तीत आहे. फोन नव्हे, दार. फोनवर म्हातारी माणसे 'मी छान आहे' असेच सांगतात. आणि ते खोटे नसते, हीच अडचण आहे. वय झाले की शरीराला थंडी कळण्याचीच शक्ती मंदावते, हुडहुडी भरत नाही, आणि माणूस आतून गार होत जातो. बोलणे जड येऊ लागले, माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, तर ते केवळ 'वय' समजू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. म्हणून फिरायला जाणाऱ्यांनी सूर्य वर येईपर्यंत थांबावे. याला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा कडवा विरोध. "मी पन्नास वर्षं गार पाण्यानं आंघोळ केली आहे," असे ते सांगतात. त्यांच्या हास्य क्लबाची वेळ सहावरून आठवर नेली तेव्हा कुठे ते थांबले. एकटे हसणे त्यांना प्रशस्त वाटत नसावे.

पांघरुणाची कथा आणखी मोठी. एका जाड ब्लँकेटपेक्षा चार पातळ थर अधिक ऊब देतात, कारण ऊब कापडापेक्षा थरांमध्ये कोंडलेली हवा राखते. आता याहून गोधडीची वेगळी व्याख्या काय करणार? जुन्या नऊवारीचे थर, वर धावदोऱ्याचे टाके. आमच्या इथल्या कपाटांत अशा साड्यांची रास पडलेली. आजींनी त्या गोळा केल्या आणि मामांच्या गावच्या दोन बायांकडून शिवून घेतल्या. शिलाई रोख दिली, 'समाजकार्य' म्हणून फुकट मागितली नाही.

गोधड्या गेल्या शेजारच्या बांधकामावर. तिथे सहा बिऱ्हाडे पत्र्याच्या खोपटांत राहत. लहान पोरे होती. आधी ठेकेदाराला भेटलो, मग त्या बायांना. पहिल्याच दिवशी एक बाई म्हणाली, "ताई, वरून नाही लागत एवढं, खालून लागतं." तिचे म्हणणे शंभर टक्के शास्त्रीय होते. गार फरशी अंगाखालची ऊब हवेपेक्षा झपाट्याने ओढून घेते. अंथरुणाखाली गोणपाट, वर्तमानपत्रांच्या घड्या, खोक्यांचा पुठ्ठा, काहीही घातले तरी निम्मी थंडी कमी होते. आणि पुठ्ठा तर आपल्याकडे दिवाळीतच मुबलक! फ्रीज येतो, टी.व्ही. येतो, मिक्सर येतो, आणि खोके दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याच्या गाडीवर चढते. आमच्या वहीत तेव्हापासून एक नोंद आहे : 'मोठी खोकी देऊ नयेत.'

एक सांगायचे राहिले. लाट सांगून येत नाही, हे आता पूर्वीइतके खरे नाही. भारतीय हवामान खाते १८७५ सालचे. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले, आणि ते पुढे दिल्लीला गेले तरी पुणेकरांच्या तोंडी ती इमारत 'शिमला ऑफिस' म्हणूनच राहिली. या खात्याविषयी विनोद करणे हा मराठी माणसाचा जुना छंद. पावसाच्या बाबतीत तो मीही केला आहे. पण थंडीची लाट दोन-तीन दिवस आधी त्यांना बऱ्यापैकी दिसते, आणि पिवळा, नारिंगी, लाल असे रंग लावून ते जिल्हावार इशारा देतात. आमच्याकडे पिवळा रंग आला की फळ्यावर खडूने लिहिले जाते आणि वही कपाटातून निघते. नारिंगीची वाट पाहत नाही.

सगळा भार सोसायट्यांनी उचलावा असे मात्र माझे म्हणणे नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत, शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे निदान शंभर माणसांची रात्रनिवाऱ्यात सोय असावी, असे स्पष्ट म्हटले होते. आपल्या शहराची लोकसंख्या आपल्याला ठाऊक असते. निवाऱ्यांतल्या खाटा मोजून यायला एक रविवार पुरतो. नगरसेवकांना सत्काराला बोलावतो, तेव्हा हा भागाकार त्यांच्यापुढे ठेवायला हरकत नसावी. २०२४ साली शासनाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले, ते मुलांच्या झोपेसाठी. पण पौषातल्या पहाटे कुडकुडत रिक्षाची वाट पाहणाऱ्या पोरांना त्याने थंडीतही आधार मिळतो.

मामा अजून आमच्याकडेच आहेत. केबिनला आता वर आणि खाली जाळी आहे, विजेचा बल्ब आहे, बसायला लाकडी फळी आहे. शेकोटी फाटकाबाहेर पेटते, आणि तिच्याभोवती पहाटे दूधवाला, पेपरवाला आणि कधी कधी आठापर्यंत न थांबलेले आजोबाही दिसतात. यंदा दिवाळीची खोकी ठेवायला सेक्रेटरीसाहेबांनी जिन्याखालची जागा मंजूर केली आहे. तिथे एक गंजलेली सायकल उभी आहे. तिच्या मालकाने ती पाडव्यापूर्वी न्यावी, अशी नोटीस लागून आठ दिवस झाले.